मदत हवी आहे: बसच्या खर्चाचा हिशोब मागितला, अर्ज फेटाळला

थर्ड_सीट:
थांब्यावर नवाकोरा निवारा आलाय. स्टीलची बाकडी, वर डिजिटल पाटी, ती कायम बंद. गाड्या मात्र कमी झाल्या आणि भाडं वाढलं. माहिती अधिकारात विचारलं: निवाऱ्यावर एवढा खर्च का केला, गाड्या का कमी केल्या, वाढीव भाड्याचा पैसा जातो कुठे, कंत्राटदाराला किती देता. उत्तर एका ओळीचं, 'माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने देता येत नाही.' पुढे काय करू? जरा लवकर सांगा, अपिलाची मुदत संपत आलीय.

हिशोबनीस:
कुठला उपक्रम? मुंबईची बेस्ट, ठाण्याची टीएमटी की नवी मुंबईची एनएमएमटी? अर्ज ऑनलाइन की कागदी? उत्तर हातात पडल्याची तारीख काय? आणि भाषा तीच होती का जी इथे लिहिलीत?

थर्ड_सीट:
नावाने काय फरक पडतो, सगळीकडे सारखंच आहे. कागदी अर्ज. भाषा साधारण तीच.

डबलडेकर_प्रेमी:
चलो ॲपवर बेस्टची गाडी लाइव्ह दिसते, पाटी बंद असली तरी अडत नाही. पासही त्यातच निघतो.

हिशोबनीस:
ते खर्च विचारताहेत हो, गाडी कधी येणार ते नाही.

थर्ड_सीट, नावाने फरक पडतो. तिन्ही उपक्रम वेगवेगळ्या महापालिकांचे, माहिती अधिकारी वेगळे. असो, हे राज्याच्या अखत्यारीत येतं, म्हणजे एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा. तुम्ही चार विषय कोंबलेत. शिवाय 'का' विचारलंत. अधिकाऱ्याने फक्त दप्तरी असलेला कागद द्यायचा असतो, कारणं लिहून द्यायची नसतात. तेव्हा कागदाचं नाव घेऊन मागा. निवाऱ्यासाठी: अंदाजपत्रक, निविदा, कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेची पानं, अंतिम देयक, हमी कालावधीचं पत्र. पाटी बंद असेल तर शेवटचे दोन फार महत्त्वाचे. हमी चालू असेल तर दुरुस्ती कंत्राटदाराच्या खर्चाने व्हायला हवी, आणि देयकातून अनामत राखून ठेवली होती का तेही त्यातच कळतं.

कलम_सहा_तीन:
आणि अपील सोडू नका. 'कंत्राटदाराला किती देता' हा प्रश्नार्थक नाही, सरळ आकडा आहे. तेवढ्यावर अपील टिकतं. उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे, २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. अपिलात नवा प्रश्न घुसडू नका, तो फेटाळायला आयतं निमित्त होतं. नकाराच्या पत्रात अपिलीय अधिकाऱ्याचा तपशील आणि अपिलाची मुदत द्यावी लागते, कलम ७(८). दिली नसेल तर अपिलाचा पहिला मुद्दा तोच.

फास्ट_स्लो:
माहिती अधिकार वगैरे नंतर. आधी अर्थसंकल्प वाचा, निम्मी उत्तरं तिथेच आहेत. उदाहरण बेस्टचं घ्या. तिचा अर्थसंकल्प महापालिकेच्या मुख्य अर्थसंकल्पापासून वेगळा, 'क' म्हणतात तो. बेस्ट वीजही पुरवते, म्हणून त्यात वीज आणि परिवहन वेगवेगळे दाखवतात. 'अर्थसंकल्पीय अंदाज' हा रकाना बघून चिडू नका, तो नुसता मनोरथ असतो. 'प्रत्यक्ष' बघा, ते दोन वर्षं मागचं असतं. महसुली आणि भांडवली खर्चाची गल्लत करू नका. निवारा भांडवली, ड्रायव्हरचा पगार महसुली. निवारा रद्द करून त्या पैशात रोजच्या फेऱ्या वाढत नाहीत.

खिडकीची_जागा:
सगळं मेट्रोत गेलं. भुयारी मेट्रो २३,१३६ कोटींची मंजूर झाली आणि ३७,२७६ कोटींवर गेली. त्यात बस किती आल्या असत्या!

फास्ट_स्लो:
एकही नाही. भुयारी मेट्रोची कंपनी केंद्र आणि राज्याची, त्यात जपानचं कर्ज त्याच प्रकल्पासाठी बांधलेलं. बस महापालिकेची. खिसेच वेगळे आहेत. वाढीव खर्चावर भांडा, जरूर भांडा, पण बसच्या धाग्यावर नको.

खिडकीची_जागा:
मग बसची तूट वीजबिलातून काढतात ना?

फास्ट_स्लो:
वीजग्राहकांकडून परिवहनाची तूट वसूल व्हायची, ती बंद झाली. आणि बेस्टची वीज फक्त शहर भागात, माहीम-शीवपर्यंत. मुलुंड-भांडुपला महावितरण, बाकी उपनगरांत अदानी आणि टाटा. बेस्टचं किमान भाडं ९ मे २०२५ ला साध्या गाडीचं ५ वरून १० आणि एसीचं ६ वरून १२ झालं त्याचं एक कारण हेच, तूट टाकायला जागा उरली नाही.

हिशोबनीस:
मला वाटतं खरी मेख कंत्राटी गाड्यांत आहे. वेट लीजमध्ये गाडी, ड्रायव्हर, देखभाल कंत्राटदाराची. तिकिटाचा पैसा उपक्रमाचा. कंत्राटदाराला पैसे किलोमीटरमागे. गाडीत पाच माणसं असोत की पन्नास, बिल तेच. म्हणून नुसतं 'किती देता' विचारलं तर एक गठ्ठा आकडा मिळतो आणि काही कळत नाही. एका डेपोचं, एका महिन्याचं मागा: ठरलेले किलोमीटर, प्रत्यक्ष धावलेले, प्रति किलोमीटर दर, दिलेली रक्कम, रद्द फेऱ्यांपोटी कापलेला दंड. शेवटचे दोन रकाने शेजारी ठेवले की चित्र स्पष्ट.

कलम_सहा_तीन:
त्यावर 'व्यापारी गुपित' म्हणून माहिती नाकारायचं कलम ८(१)(ड) लावतील. अर्जातच लिहा, काही भाग गोपनीय असल्यास तो वगळून उर्वरित द्यावा, कलम १०. आणि प्रती मागण्याआधी तपासणी मागा. पहिला तास फुकट, हवी ती पानं निवडून २ रुपये पानाने घ्या.

थर्ड_सीट:
हो, निवाऱ्याच्या खांबावर 'आमदार स्थानिक विकास निधी' अशी पाटी आहे. त्याने काही बदलतं का?

हिशोबनीस:
अहो, हे आधी सांगायचं! मग निवाऱ्याचा पैसा बस उपक्रमाचा नाहीच. तो अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयातल्या जिल्हा नियोजन शाखेकडे. उपनगर असेल तर वांद्रे पूर्व, शहर असेल तर फोर्टला जुनं कस्टम हाऊस. प्रशासकीय मान्यतेची प्रत आणि काम कोणत्या यंत्रणेकडे सोपवलं ते मागा. डिजिटल पाटी मात्र त्याच निधीतली की वेगळ्या कंत्राटातली ते तपासा.

कलम_सहा_तीन:
बस उपक्रमाने तुमच्या अर्जाचा तो भाग पाच दिवसांत तिकडे वर्ग करायला हवा होता, ६(३). अपिलात हा दुसरा मुद्दा.

डबलडेकर_प्रेमी:
रेल्वेलाही असाच अर्ज चालेल का? लोकलच्या तिकिटात एमयूटीपीचा, म्हणजे मुंबईच्या रेल्वे सुधारणा प्रकल्पाचा, अधिभार घेतात त्याबद्दल विचारायचंय.

कलम_सहा_तीन:
ते केंद्राचं. तिथे कोर्ट फी स्टॅम्प चालत नाही, १० रुपयांची पोस्टल ऑर्डर लावा किंवा ऑनलाइन भरा. मर्यादा ५०० शब्दांची. वेगळा धागा काढा.

थर्ड_सीट:
अपील पोस्टाने टाकू की हाताने देऊ?

हिशोबनीस:
मुदत संपत आलीय तर हातानेच. दोन प्रती न्या, दुसरीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घ्या. जेवणाच्या सुट्टीत जाऊ नका.