गार्डन रेल्वेचा सेमाफोर सिग्नल: तार सैल पडली की हात आपोआप खाली येतोय, काय करू?

मीटरगेज_पूर्णा
नमस्कार मंडळी, नाशिकला घरामागच्या बागेत ४५ मिलिमीटर गेजची लाईन टाकली आहे, साधारण २२ मीटरचा लूप आणि एक क्रॉसिंग स्टेशन. १:२२.५ स्केल मुद्दाम घेतलंय कारण त्या मापात ४५ मिमी म्हणजे जवळजवळ आपला मीटरगेज होतो. वडील मीटरगेजच्या काळात पूर्णा जंक्शनला पॉइंट्समन होते, आता ८१ वर्षांचे आहेत आणि रोज संध्याकाळी बागेत खुर्ची टाकून बसतात, त्यांच्यासाठीच हे सगळं चाललंय. त्यांना खरा तारेवर चालणारा सिग्नल हवाय, लिव्हर ओढला की हात पडला पाहिजे, दिव्याचा सिग्नल नको म्हणतात.

तर मी थ्रीडी प्रिंटरवर लोअर क्वाड्रंटचा (आडवा म्हणजे थांबा, खाली झुकला म्हणजे जा) हात केला, २७ सेंमीची पितळी नळी पोस्ट म्हणून, आणि लिव्हरपासून सिग्नलपर्यंत ९ मीटर मासेमारीची नायलॉन दोरी. अडचणी तीन आहेत. एक, दोरी जरा सैल झाली की हात स्वतःच खाली येतो, म्हणजे गाडीला रस्ता मोकळा दिसतो. वर ओढून धरायला स्प्रिंग लावली ती एका पावसाळ्यात गंजून गेली. दोन, सकाळी नीट लावलेला सिग्नल दुपारी अर्धवट पडतो आणि पाऊस आला की अजून वेगळंच. तीन, गाडी आत आली की हात आपोआप आडवा व्हावा म्हणून रूळ अर्डुइनोला (छोटा प्रोग्रॅम करता येणारा सर्किट बोर्ड) जोडले (इंजिन बॅटरीवर आहे, रुळात करंट नाही), पण पाऊस पडला की रिकामी लाईनसुद्धा ऑक्युपाय, म्हणजे गाडी उभी आहे असं दाखवते. तार सोडून सरळ सर्व्हो (हात फिरवणारी छोटी मोटर) लावू का?

केबिन_आणि_लिव्हर
३१ वर्षं सिग्नल मेंटेनर होतो, आता रिटायर. आधी वडलांना माझा नमस्कार सांगा.

तुमचा पहिला प्रश्न हाच सगळ्यात मोठा आहे, बाकीचे दोन नंतर. आपण मराठीत "सिग्नल पडला" म्हणतो ते लोअर क्वाड्रंटमुळेच, हात पडला म्हणजे गाडीला रस्ता मिळाला. पण हात जर स्वतःच्या वजनाने पडणार असेल तर तार तुटली की गाडीला खोटा रस्ता मिळणार. म्हणून खऱ्या सिग्नलला पिव्हटच्या दुसऱ्या बाजूला जी काचांची चौकट असते, स्पेक्टॅकल, ती ओतीव लोखंडाची आणि हातापेक्षा जड असते. शिवाय पोस्टच्या खाली वेगळा वजनाचा लिव्हर असतो, तार त्या वजनाला उचलते, तार सुटली की वजन खाली येतं आणि हाताला जोडलेल्या दांड्यामार्फत हात आडवा करतं. दांडाच निखळला तरी स्पेक्टॅकल आपलं काम करतं. तुमचा प्रिंट केलेला स्पेक्टॅकल प्लॅस्टिकचा हलका आणि हात लांब, म्हणून उलटं होतंय. गळाला लावतात त्या शिशाच्या गोळ्या मिळतात, स्पेक्टॅकलच्या मागे पोकळी ठेवून त्यात भरा आणि खालीही २०-२५ ग्रॅमचं वजन द्या. स्प्रिंग काढून टाका, गंज लागला तरी वजन कमी होत नाही.

दुसरं, नायलॉन नकोच. ते पाणी पितं आणि लांबतं, ताण राहिला की हळूहळू कायमचंही लांबतं. स्टेनलेसची बारीक तार घ्या. तीही उन्हात लांबते बरं का. पहाटे २० अंश आणि दुपारी उन्हात ५० धरलं तर ९ मीटर तार साधारण साडेचार मिलिमीटर लांबते, तुमच्या क्रँकची सगळी चाल ८-१० मिमी असणार, त्यातले साडेचार गेले तर हात अर्धवटच पडणार. म्हणूनच आमच्या केबिनमध्ये लांबच्या सिग्नलांना वायर अ‍ॅडजस्टर असायचे, ऋतू बदलला की फिरवायचे. तुम्ही लिव्हरपाशी टर्नबकल (फिरवून तार ताणायचा स्क्रू) बसवा. आणि हे लक्षात ठेवा, दुपारी घट्ट केलेली तार पहाटे आखडते आणि लिव्हर परत टाकला तरी हात पूर्ण आडवा होत नाही, ते वाईट. दुपारी हात कमी पडला तर फार तर गाडी थांबेल. म्हणून अ‍ॅडजस्टमेंट नेहमी सकाळी गार वेळेला, थोडी ढील ठेवूनच.

सर्किटवाला_पोरगा
काकांचं सगळं मान्य पण सर्व्होला एकदम नाही म्हणू नका 🙂 मी एसजी-९० वापरलेत चार सिग्नलना, ९ मीटर तार ओढायची गरजच नाही, सर्व्हो पोस्टच्या खाली डबीत, हात एकदम हळू आणि सुंदर पडतो, पडल्यावर थोडा हलतो तेसुद्धा कोडमध्ये करता येतं.

पण खरं सांगायचं तर दोन त्रास झालेच. लाईट आली की सर्व्हो एकदम झटका देतो आणि हात कुठेही जातो, आणि लाईट गेली की गिअरमुळे हात आहे तिथेच अडकून राहतो, म्हणजे पडलेला असेल तर पडलेलाच. काका म्हणतात तसा आडवा होत नाही. त्यामुळे दादा तुम्हाला जर तार तुटली तर लाल असंच पाहिजे असेल तर सर्व्हो त्यात बसत नाही, सोलेनॉइड (करंट दिला की दांडा ओढणारी कॉइल) बसतो, करंट आहे तोवर हात खाली धरतो, करंट गेला की वजनाने वर. फक्त तो सतत १२ व्होल्टवर ठेवला तर तापतो, ओढून झाल्यावर व्होल्टेज कमी करा.

आणि पीएलए प्लॅस्टिकमध्ये प्रिंट केलं असेल तर मे महिन्यात हात वाकणार, ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, काळं पोस्ट उन्हात तिथपर्यंत जातं. पीईटीजी किंवा एएसए घ्या. डबीत लाल मुंग्या घुसतात, केबल ग्लँड लावाच.

पीटरबरोहून
मी इथे इंग्लंडमध्ये पीटरबरोला राहते, ऑफिसला जाताना गाडी अ‍ॅबट्स रिप्टनवरून जाते म्हणून लिहावंसं वाटलं. २१ जानेवारी १८७६ला तिथे बर्फ पडत होता, तेव्हाचे सिग्नल म्हणजे लाकडी पोस्टला खाच आणि हात त्या खाचेत जायचा, बर्फ खाचेत साचला आणि लिव्हर टाकूनही हात बाहेर आलाच नाही, पुढे कोळशाची गाडी असताना मागून एक्सप्रेस येऊन आदळली. त्या काळात लाईन मोकळी असेल तर सिग्नल मोकळाच ठेवायची पद्धत होती, या अपघातानंतर नेहमीची स्थिती लाल ही पद्धत रुळली. काकांनी सांगितलेलं वजन त्याच रांगेतलं आहे. तुमच्याकडे बर्फ नाही, पण पिव्हटपाशी धूळ आणि कोळ्याची जाळी साचते, तिथे प्लॅस्टिकवर प्लॅस्टिक न ठेवता पितळी बुश घाला.

एक छोटी गोष्ट, रात्रीच्या दिव्यासाठी. रॉकेलच्या पिवळ्या ज्योतीतून हिरवं दिसावं म्हणून जुन्या स्पेक्टॅकलची हिरवी काच खरं तर निळसर असायची. तुम्ही तशी निळसर फिल्म लावून मागे थंड पांढरा एलईडी दिलात तर निळाच दिसेल, वॉर्म व्हाइट घ्या. ५ व्होल्टला १ किलोओहमचा रेझिस्टर पुरतो, ज्योतीइतका मंद प्रकाश हवा, टॉर्च नको.

केबिन_आणि_लिव्हर
बाईंनी काचेचं अगदी बरोबर सांगितलं, आमच्या स्टोअरमध्ये ती काच हातात घेतली की निळीच वाटायची.

आता तिसरा प्रश्न राहिला, ट्रॅक सर्किट, म्हणजे रुळातल्या करंटवरून गाडी ओळखणं. ही कल्पना विल्यम रॉबिन्सनची, १८७२चं पेटंट, आणि अजून तीच चालते. एका टोकाला बॅटरी, दुसऱ्या टोकाला रिले (करंटवर ओढला जाणारा स्विच), लाईन मोकळी असेल तर करंट रुळातून जाऊन रिले ओढलेला राहतो, गाडी आली की चाकं दोन्ही रूळ जोडतात आणि रिले सुटतो. रूळ मोडला, वायर तुटली, बॅटरी संपली तरी रिले सुटणार, म्हणजे लालच. तुम्ही बहुतेक रूळ सरळ अर्डुइनोच्या पिनला १० किलोओहमच्या पुलअपवर जोडलेत, ओल्या खडीतून गळणारा एवढासा करंटही त्याला पुरतो आणि गाडी आहे असं वाटतं. छोटा ५ व्होल्टचा रिले लावा, त्याची कॉइल जेमतेम ७० ओहम असते, त्याला ही गळती जाणवणारसुद्धा नाही. फीडच्या टोकाला सीरिजमध्ये एक रेझिस्टर हवाच, नाहीतर गाडी आल्यावर बॅटरी शॉर्ट.

चाकं मात्र बघा. मॉडेलची चाकं एक्सलवर इन्सुलेट केलेली असतात, नुसती धातूची असून उपयोग नाही. प्रत्येक डब्याच्या एका एक्सलला दोन्ही चाकांच्या आतल्या बाजूला घासणारी फॉस्फर ब्राँझची पट्टी लावा. इंजिन बॅटरीवर असल्यामुळे तुम्हाला हे करता येतंय.

सर्किटवाला_पोरगा
त्यापेक्षा रीड स्विच (मॅग्नेट जवळ आला की लागणारा स्विच) आणि इंजिनाखाली मॅग्नेट सोपं नाही का? पितळी रूळ काळे पडतात, सारखे पुसायला लागतात.

केबिन_आणि_लिव्हर
सोपं आहे. पण शेवटचा डबा सुटून लूपमध्ये राहिला तर रीड स्विचला ते कसं कळणार? बघणारे पॉइंट्समन आहेत, त्यांना लगेच कळेल. रूळ पुसा.

मीटरगेज_पूर्णा
सगळ्यांना खूप खूप धन्यवाद, तीन आठवड्यांनी अपडेट देतोय. स्टेनलेसची तार आणि टर्नबकल बसवलं, स्पेक्टॅकलमध्ये शिसं भरलं, खाली २५ ग्रॅमचं वजन. रविवारी सकाळी साडेसहाला अ‍ॅडजस्ट केलं, दुपारी दोनला हात थोडा कमी पडतो पण दिसायला स्पष्ट पडलेला. वडलांनी लिव्हर ओढला, हात पडला, मग स्वतःच पक्कड मागितली आणि तार कापली! हात खटकन आडवा. दोनदा कापायला लावली मला, तार परत जोडून. रिलेचं अजून करतोय, चार डब्यांना पट्ट्या लागल्यात.

आता ते म्हणतात आउटरच्या (स्टेशनबाहेरच्या सिग्नलच्या) खाली वॉर्नर (पुढच्या सिग्नलांची सूचना देणारा हात) पाहिजे, माशाच्या शेपटीचा, आणि वरचा आउटर पडल्याशिवाय खालचा वॉर्नर पडताच कामा नये. दोन वेगळ्या लिव्हरच्या तारा एकाच पोस्टवर येणार, मग हे खालीच वजनांच्या लिव्हरमध्ये करायचं की लिव्हर फ्रेममध्ये?

केबिन_आणि_लिव्हर
दोन्हीकडे करा. फ्रेममध्ये वॉर्नरच्या लिव्हरला खाच द्या म्हणजे आउटर ओढल्याशिवाय तो हलणारच नाही, आणि पोस्टवर स्लॉट (दोन्ही तारा ओढल्या तरच हात पाडणारी जोडणी), कारण आउटरची तार तुटली तर लिव्हर ओढलेलाच राहील पण हात आडवा होईल, तेव्हा वॉर्नरही बरोबर आडवा झाला पाहिजे. तिन्ही वजनांचे लिव्हर शेजारी शेजारी बसवायचे, मधला वॉर्नरच्या दांड्याला, बाजूचे दोघं दोन तारांना, ते दोन्ही उचलले तरच मधला हलतो. कागदावर काढून फोटो टाकतो रात्री.