मदत हवी आहे: रेटिंग जाईल म्हणून मुलगी स्पर्धाच टाळते

नमस्कार मंडळी. आम्ही कोथरूडला राहतो. मुलगी तेरा वर्षांची, बुद्धिबळ खेळते, फिडे (जागतिक बुद्धिबळ संघटना) रेटिंग १६००च्या आसपास. या वयात के-फॅक्टर (एका डावाने रेटिंग किती हलेल ते ठरवणारा आकडा) ४०, म्हणजे १४००वाल्याकडून एक डाव हरली की तीसेक पॉइंट गेलेच. आता ती पटावर बसायच्या आधी पेअरिंगमध्ये (कोण कोणाशी खेळणार त्या यादीत) समोरच्याचं रेटिंग बघते आणि तिथेच अर्धी हरते. चांगल्या पोझिशनमध्येही ड्रॉ ऑफर करते. परवा तर म्हणाली, "बाबा, पुढची स्पर्धा नको, आहे तेवढं राहू दे."

के-फॅक्टर दोन्हीकडून चालतो, जिंकलीस तर चढशीलही तसंच, हे सांगून झालं. पटतं, पण पहिल्या फेरीपर्यंतच. (खरं तर हॉलबाहेर थांबलेले आम्ही पालकच लाइव्ह रेटिंगचा जास्त जप करतो!)

ज्यांची मुलं यातून गेली आहेत त्यांना विचारायचंय: हरलेला डाव त्याच संध्याकाळी बघायला बसवता की दोन दिवस जाऊ देता? काही महिने फक्त बिनरेटिंगच्या स्पर्धा खेळवून उपयोग होतो, की भीती आणखी वाढते? पुण्यात बुद्धिबळ कळणारे, मुलांशी नीट बोलणारे क्रीडा मानसोपचारतज्ज्ञ माहीत असतील तर तेही सुचवा. "खेळ बंद करा" हा सल्ला घरातल्या मंडळींनी आधीच दिला आहे.