दाणे टाकणाऱ्याला दंड केल्याने कबुतरे कमी होतील काय?

घोडबंदरवासी (धागाकर्ता):

ठाण्यात मानपाड्याच्या पुढे, घोडबंदर रस्त्यालगत आमची बावीस मजल्यांची, दोन विंगची सोसायटी आहे. येत्या रविवारच्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे असा ठराव आहे की, गच्चीत, खिडकीत किंवा आवारात कबुतरांना दाणे टाकताना आढळणाऱ्या सभासदाकडून प्रत्येक वेळी ५०० रुपये दंड घ्यावा. ठरावामागचे कारण उघड आहे. गेल्या वर्षी ए विंगच्या डक्टला (इमारतीत पाइपांसाठी ठेवलेल्या उभ्या, उघड्या पोकळीला) जाळी बसवली, त्यावर लाखाच्या वर खर्च झाला आणि ए विंगमधली कबुतरे बी विंगच्या डक्टमध्ये राहायला गेली. आता बी विंगवाले जाळी मागत आहेत.

मी सर्वांत वरच्या मजल्यावर राहतो, त्यामुळे या प्रकरणाचे मूळ मला रोज दिसते. सकाळी पावणेसातला चौथ्या मजल्यावरच्या एक काकू स्टीलच्या डब्यात ज्वारी घेऊन गच्चीत येतात. लिफ्ट थांबल्याचा आवाज झाला की पाण्याच्या टाकीच्या कठड्यावरची कबुतरे खाली उतरू लागतात. गच्चीचे दार तेव्हा उघडलेलेही नसते. एकदा त्या गावी गेल्या असताना डबा माझ्याकडे सोपवून गेल्या होत्या. (होय, संकोचाने का होईना, मी दाणे टाकले.) पाच-सात मिनिटे एकही कबुतर खाली आले नाही, सगळी माना वाकड्या करून माझ्या मागच्या दाराकडे पाहत होती.

दाणे टाकण्याचे मी समर्थन करत नाही. माझी शंका दंडाविषयी आहे. इस्रायलमधील हैफा येथे उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिकिनी या अर्थशास्त्रज्ञांनी दहा पाळणाघरांचा अभ्यास केला होता, तो २००० साली प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना त्यांतील काही पाळणाघरांनी दंड लावला, तेव्हा उशिरा येणारे कमी होण्याऐवजी जवळपास दुप्पट झाले, आणि दंड रद्द केल्यावरही ते पूर्वीइतके कमी झाले नाहीत. पूर्वी उशीर झाला की बाईंसमोर ओशाळे वाटायचे. पैसे भरू लागल्यावर उशीर ही विकत घेता येणारी सेवा झाली. ठरावाची कुणकुण लागल्यावर काकू मला म्हणाल्या, “पाचशे काय, महिन्याचे एकदम घ्या, फक्त पावती द्या.” आपल्या ओळखीच्या सोसायट्यांत दंडाचा उपयोग झाला आहे काय?

माजी सचिव, वसंत विहार:

आपले विवेचन वाचनीय असले तरी ते पटले नाही. हैफातील दंड किरकोळ होता, म्हणून लोकांनी त्याला भाडे मानले. दंड झोंबेल इतका असला की तो भाडे राहत नाही. सिंगापूरमध्ये २०२० पासून वन्यजीवांना, आणि त्यात कबुतरांनाही, खाऊ घातल्यास पहिल्याच गुन्ह्याला ५,००० सिंगापूर डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. तेथे कोणी पावती मागत असेल असे वाटत नाही.

दाणे आणि संख्या यांचा संबंध तर सिद्धच झालेला आहे. स्वित्झर्लंडमधील बासेल शहरात १९६१ ते १९८५ या काळात सुमारे एक लाख कबुतरे मारण्यात आली, तरी शहरातील थवा वीस हजारांच्या आसपासच राहिला, कारण मेलेल्यांची जागा नवी पिल्ले भरून काढत होती. १९८८ पासून लोकांचे दाणे टाकणे कमी करण्यावर भर दिला, तेव्हा साधारण चार वर्षांत संख्या निम्म्यावर आली. म्हणजे पक्षी मारून जे साधले नाही ते दाणे रोखल्याने साधले. मग दाणे रोखण्याचे साधन हातात असताना आपण अर्थशास्त्रज्ञांच्या गोष्टी का सांगत बसावे?

जाळीविषयी आपण लिहिले आहे ते मात्र खरे आहे. जाळीने कबुतर शेजाऱ्याकडे जाते, संपत नाही. आमच्या इमारतीत ज्याने जाळी लावली त्याचा त्रास शेजारच्या घराने घेतला, मग शेजाऱ्याने लावली, आणि शेवटी ज्या दोन घरांना ती परवडली नाही त्यांच्या खिडक्यांवर सगळा थवा उतरला. एकाने पुण्य मिळवायचे आणि त्याचे बिल गरीब शेजाऱ्याने भरायचे, हे कोणत्या हिशेबात बसते?

नेरूळची वाचक:

हा विषय माझ्यासाठी केवळ कुतूहलाचा नाही. माझ्या आईला दोन वर्षांपूर्वी कोरडा खोकला सुरू झाला. आठ महिने दमा समजून उपचार चालले. नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी छातीचा सीटी स्कॅन पाहून पहिलाच प्रश्न विचारला, “खिडकीत कबुतरे बसतात का?” एसीच्या बाहेरच्या युनिटमागची जागा आई दर रविवारी सुक्या झाडूने साफ करत असे. कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेतील आणि पिसांतील प्रथिनांचे सूक्ष्म कण श्वासावाटे आत जातात, काही माणसांची प्रतिकारशक्ती त्यांच्यावर तुटून पडते आणि फुप्फुसाला सूज येते. संपर्क चालूच राहिला तर तेथे व्रण पडून फुप्फुस कडक होत जाते. ते पुन्हा मऊ होत नाही. सध्या आमच्या बैठकीच्या खोलीत ऑक्सिजनच्या यंत्राची घरघर रात्रभर चालू असते.

आमच्या वरच्या मजल्यावर दाणे टाकणारे गृहस्थ सज्जन आहेत. त्यांनी आईसाठी फळे आणून दिली. दाणे टाकणे थांबवले नाही.

म्हणून धागाकर्त्यांना विचारते : दंडाने काही साधणार नाही असे म्हणणाऱ्याने, मग काय साधेल, हेही सांगायला नको काय?

वाशीचा दाणेवाला:

माझा हितसंबंध आधीच सांगतो : मी वाशीच्या धान्य बाजारात आहे आणि कबुतरांसाठी जाणारी ज्वारी, बाजरी, मका हा माझ्या विक्रीचा लहानसा का होईना, भाग आहे. तरीही दाणे टाकावेत असे मी म्हणणार नाही. पण केवळ गच्चीतल्या डब्यावर कबुतरे वाढली, हेही मला मान्य नाही.

आमच्या गाळ्यासमोर पोती उतरतात तेव्हा हमालांच्या हुकाने भोके पडतात, माल पारखायला पोत्यात पोकळ नळी खुपसून मूठभर दाणे काढतात आणि पाहून झाले की त्यातले निम्मे खाली सांडतात. संध्याकाळी झाडलोट होते, तिच्यातून निघणारे मातीमिश्रित धान्य चाळून पुन्हा पक्ष्यांच्या खाद्यात विकले जाते. त्या सांडलेल्या धान्यावर दिवसभर जो थवा जगतो त्याला तुमच्या सोसायटीचा ठराव लागू होत नाही.

दुसरी गोष्ट पिल्लांची. चिमणीच्या पिल्लांना सुरुवातीला किडे-अळ्या लागतात, म्हणून झाडे-झुडपे गेली की चिमणीचा संसार अडतो. कबुतराचे तसे नाही. नर आणि मादी दोघांच्याही गळ्यातील अन्नपिशवीत दह्यासारखा दाट स्राव तयार होतो आणि पहिले काही दिवस पिल्लू त्यावरच वाढते. आईबापांना कोरडे दाणे मिळाले की पिल्लांच्या दुधाची सोय झाली. त्यामुळे त्याला ऋतू पाहावा लागत नाही : एका वेळी दोन अंडी, अठरा दिवसांच्या आसपास उबवण, महिनाभरात पिल्लू उडते, आणि खाणे मुबलक असेल तर एक जोडी वर्षात पाच-सहा वेळा अंडी घालू शकते. मूळचा हा कड्याकपारीतला पक्षी. तुम्ही बावीस मजल्यांचा कडा बांधून त्याला डक्ट नावाची घळ ठेवलीत, तर तो येणारच.

दंडच करायचा असेल तर तो टाकणाऱ्याला करण्यापूर्वी पुरवठ्याकडे पाहावे. लंडनच्या ट्राफल्गर चौकात २००१ मध्ये आधी दाणे विकणे बंद करण्यात आले, आणि दाणे टाकण्यावर बंदी आली ती २००३ मध्ये. आपल्याकडे मात्र दाणे टाकणाऱ्यावर नजर असते आणि विकणाऱ्या टोपलीकडे कोणी पाहत नाही. (मी स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेत आहे, हे मला कळते.)

कळव्याचा प्रवासी:

थोडे विषयाच्या कडेने. १९४८ मध्ये बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने भुकेल्या कबुतरांना ठराविक अंतराने आपोआप दाणे मिळतील अशी व्यवस्था केली. कबुतरांनी काहीही केले तरी दाणे येणारच होते. पण दाणे आले त्या क्षणी जे गोल फिरत होते ते गोल फिरतच राहिले, जे मान हलवत होते ते मान हलवत राहिले. आमच्या इमारतीत लोकांनी खिडकीला जुन्या सीडी टांगल्या, प्लास्टिकची घार बसवली, दोन दिवस कबुतरे कमी दिसली आणि साऱ्या मजल्यांवर घारी आल्या. सध्या त्या घारींच्या डोक्यावर कबुतरे बसतात. पाचशे रुपयांचा ठराव ही त्याच जातीची घार आहे, असे माझे नम्र मत आहे.

खाडीकाठचा, ऐरोली:

सर्वांची मते वाचली. मी दाणे टाकणाऱ्यांपैकी आहे, आणि मला अडाणी किंवा निर्दय समजू नये एवढीच विनंती आहे. ऐरोलीच्या खाडीत फ्लेमिंगो येतात तेव्हा लोक तिकीट काढून होडीत बसतात; त्या पाणथळीला २०१५ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला, २०२२ मध्ये ती आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेली, नवी मुंबईत चौकाचौकांत त्या पक्ष्यांचे पुतळे आहेत. गुलाबी पक्षी आला की शहराची शान आणि करडा पक्षी आला की उपद्रव, हा निवाडा पक्ष्यांच्या गुणांवर झाला आहे की रंगावर? माझे आजोबा पहिला घास बाहेर ठेवून जेवत. ती सवय ५०० रुपयांत मोडायची नाही, आणि मोडावी असे मला वाटतही नाही.

माजी सचिव, वसंत विहार:

फ्लेमिंगो स्वयंपाकघराच्या खिडकीत अंडी घालत नाही. घास बाहेर ठेवणे आणि रोज किलोभर ज्वारी ओतणे यांत फरक आहे, आणि आजोबांच्या अंगणाला वीस मजल्यांचा डक्ट नव्हता.

घोडबंदरवासी (धागाकर्ता):

नेरूळच्या ताईंच्या प्रश्नाला उत्तर देणे मला भाग आहे. बासेलचे उदाहरण सचिवसाहेबांनी दिले, पण त्याचा दुसरा अर्धा भाग त्यांनी सोडला. तेथे मुख्य भर दंडावर नव्हता. दाणे टाकल्याने दाटी वाढते, दाटीत रोगराई होते आणि पिल्ले हालहाल होऊन मरतात, म्हणजे दाणे टाकणे ही कबुतरांवरची दया नसून क्रौर्य आहे, हे फलक आणि पत्रके काढून लोकांच्या मनावर ठसवण्यात आले. जोडीला देखरेखीखालची खुराडी ठेवली, तेथून अंडी काढून घेतली जात. म्हणजे पुण्य करणाऱ्याला त्यांनी पुण्याच्याच भाषेत गाठले. आपल्याकडे काय झाले ते २०२५ मध्ये दिसले : मुंबईतील ५१ कबुतरखाने बंद करण्याची घोषणा जुलैमध्ये झाली, दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला आणि ६ ऑगस्टला जमावाने ती ताडपत्री फाडली. ताडपत्रीखाली जे होते ते लोकांच्या लेखी धान्य नव्हते, श्रद्धा होती, आणि तिच्यासाठी भांडायला माणूस नेहमीच तयार असतो.

काल संध्याकाळी मी नेरूळच्या ताईंचा प्रतिसाद, नाव-गावाचा उल्लेख टाळून, काकूंना वाचून दाखवला. बासेल, सिंगापूर, दंड यांतले काही सांगितले नाही. त्यांनी दोनच प्रश्न विचारले : त्यांची आई झाडत होती ती जागा ओली करून झाडली असती तर चालले असते का, आणि आपल्या बी विंगच्या डक्टशेजारी कोण राहते. तेथे एक लहान मूल आहे, असे मी सांगितले. आज पावणेसातला त्या गच्चीत आल्या, पण डबा अर्धाच भरलेला होता. कबुतरे नेहमीइतकीच होती आणि दाणे संपल्यावरही बराच वेळ तेथेच घोटाळत राहिली. अर्धा डबा म्हणजे उपाय झाला असा दावा मी करत नाही, आणि काकूंनीही तो केला नाही. त्या फक्त एवढेच म्हणाल्या की एकदम बंद केले तर ती कोठे जातील.

नेरूळची वाचक:

शेजारच्या इमारतीत जातील. तरीही त्यांना माझा नमस्कार सांगा. आणि सुके झाडू नका म्हणावे; आधी पाणी शिंपडून, तोंडाला मास्क बांधून.

माजी सचिव, वसंत विहार:

दंडाचा ठराव मागे घ्यावा असे मला अजूनही वाटत नाही. मात्र मी आपल्या सोसायटीचा सचिव असतो तर एक अडचण आली असती, म्हणून विचारतो : अर्ध्या डब्याची नोंद इतिवृत्तात कोणत्या विषयाखाली करणार आहात?