लाटेकमधल्या प्रबंधात आलेखावरची अक्षरं बारीक आणि मराठी फुटलेलं

काळी_माती, परभणी
भूजलावरचा प्रबंध लाटेकमध्ये (आज्ञा लिहून मजकूर जुळवायची प्रणाली) करतोय, कागद ए4. परभणी-हिंगोलीकडच्या विहिरींच्या पाणीपातळीचे आलेख मॅटप्लॉटलिबमध्ये (पायथनची आलेख काढायची लायब्ररी) काढलेत. पीएनजी टाकलं तर छपाईत धूसर. पीडीएफ टाकली तर रेषा स्वच्छ, पण अक्षरं मुंगीएवढी. अक्षावरच्या 'विहिरीतील' या शब्दात पहिली वेलांटी 'व'च्या उजवीकडे जाऊन बसते. एका आलेखात दोन लाख बिंदू आहेत, ते पान उघडता उघडत नाही. काय करावं?

गोदाकाठ, नांदेड
पीडीएफच ठेवा, चुकतंय ते माप. 12 पॉइंटच्या 'आर्टिकल'मध्ये (लाटेकचा एक तयार साचा) मजकुराची रुंदी मुळात 390 पॉइंट असते. 72.27 नं (एका इंचातले पॉइंट) भागलं की सुमारे 5.4 इंच. 10 इंच रुंद आलेख तिथं बसवला की 10 पॉइंटचं अक्षर 5.4 पॉइंटचं होतं. समास बदलले असतील तर 'टेक्स्टविड्थ'चं (मजकुराच्या रुंदीचं) मूल्य आधी छापून बघा, मॅटप्लॉटलिबच्या 'फिगसाइझ'ची रुंदी इंचांत तेवढीच द्या, अक्षर 9 पॉइंट ठेवा आणि लाटेकमध्ये चित्र टाकणाऱ्या 'इन्क्लूडग्राफिक्स'ला रुंदी किंवा स्केल काहीही देऊ नका.

आलेख साठवणाऱ्या 'सेव्हफिग'मध्ये बीबॉक्स 'टाइट' असेल तर तेही काढा. त्यानं कडा छाटल्या जातात आणि ठरवलेली रुंदी राहत नाही. नावं कापली जात असतील तर 'कन्स्ट्रेन्ड' लेआउट वापरा.

दोन लाख बिंदूंसाठी फक्त त्या थराला 'रास्टराइज्ड' लावा (तो थर ठिपक्यांचं चित्र होतो), डीपीआय म्हणजे इंचातले ठिपके 300 पुरे. अक्ष, आकडे, नावं व्हेक्टरच, म्हणजे मोठं केलं तरी स्वच्छ, राहतात. डीपीआय लागू होतो तो त्या थरालाच.

बालाघाट, बीड
वेलांटीचं कारण वेगळं आहे. तुमच्या आवृत्तीतलं मॅटप्लॉटलिब अक्षरं टाइप केलेल्या क्रमानंच मांडतंय, देवनागरीची जुळणी करत नाही. म्हणून जोडाक्षरंही सुटी पडतात. फॉन्ट बदलून हे जाणार नाही. बॅकएंड (आलेखाची फाइल तयार करणारा भाग) 'पीजीएफ' करा, म्हणजे अक्षरं लाटेक जुळवेल; टेकसिस्टम झीलाटेक (युनिकोड चालणारं लाटेक) ठेवा, 'आरसीफॉन्ट्स' (मॅटप्लॉटलिबचं स्वतःचं फॉन्ट सेटिंग) बंद करा आणि प्रिअँबलमध्ये (सुरुवातीच्या आज्ञांत) 'फॉन्टस्पेक'नं नोटो सेरिफ देवनागरी द्या. सोबत 'स्क्रिप्ट' पर्यायात देवनागरी लिहायलाच हवं. ते राहिलं की फॉन्ट बरोबर असूनही वेलांटी चुकते.

निकाल पीडीएफ म्हणूनच साठवा. पीजीएफ फाइल थेट 'इनपुट' केली तर रास्टर थराची पीएनजी वेगळी पडते आणि फोल्डर बदललं की सापडत नाही.

काळी_माती
वेलांटी जागेवर आली. आलेख पीजीएफप्लॉट्समध्येच (लाटेकमध्येच आलेख काढणारं पॅकेज) काढले तर?

गोदाकाठ
साध्या रेषांना उत्तम, फॉन्ट आपोआप मजकुराचाच येतो. दोन लाख बिंदूंना मात्र नको, टेकची मेमरी संपते.

बालाघाट
इंग्रजी नावांचे आलेख नेहमीच्या पीडीएफ बॅकएंडनं काढत असाल तर 'फॉन्टटाइप' (फाइलमध्ये फॉन्ट साठवायचा प्रकार) 42 करा. मूळ सेटिंग 3 असतं आणि टाइप 3 फॉन्ट काही नियतकालिकं परत पाठवतात. शेवटी पूर्ण प्रबंधावर 'पीडीएफफॉन्ट्स' (पीडीएफमधल्या फॉन्टची यादी देणारी आज्ञा) चालवा: एम्बेडच्या (फॉन्ट फाइलमध्येच आहे का, या) रकान्यात सगळीकडे 'येस' हवं. आणि पातळी जमिनीपासून खोल मीटरमध्ये असेल तर वाय अक्ष उलटा ठेवा, शून्य वर. नाहीतर उन्हाळ्यात पाणी चढल्यासारखं दिसेल.