मदत हवी आहे: कोकणात गुहागर किंवा आंजर्ल्यात जुन्या घरातला मुक्काम

डिसेंबरमध्ये पुण्याहून स्वतःच्या गाडीने जाणार आहोत. आम्ही दोघं, मुलगी आणि सासूबाई, तीन रात्री. रिसॉर्ट नको. जांभ्या दगडाचं कौलारू घर, पडवी, मागे नारळी-पोफळीची वाडी आणि वाडीतूनच किनाऱ्यावर जाणारी पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट), अशी जागा हवी आहे. कासवांची पिल्लं बघायला फेब्रुवारीनंतर या असं बरेच जण सुचवतील, पण शाळेच्या सुट्टीमुळे तारखा बदलता येणार नाहीत.

नेटवरचे फोटो पाहून बऱ्याच ठिकाणी फोन केले. फोटोत झोपाळा आणि माजघर, पण राहायच्या खोल्या मात्र मागे नव्याने बांधलेल्या स्लॅबच्या इमारतीत! जुनं घर फक्त जेवायला आणि फोटो काढायला. एका ठिकाणी खरोखरच माडीवरची खोली मिळत होती, पण जिना उभा, संडास अंगणापलीकडे. सासूबाईंच्या गुडघ्यांना ते झेपणार नाही.

म्हणजे तळमजल्यावर खोली आणि लागूनच कमोड असलेलं संडास-बाथरूम एवढं हवंच. एसी, टीव्ही नसला तरी चालेल. घरात शाकाहारी जेवण असेल तरी हरकत नाही, मासे बाहेर खाऊ. दोन खोल्यांचे मिळून रात्रीचे सहा हजारांपर्यंत देऊ.

या दोन गावांत मूळ जुन्या घरातच झोपायची सोय असलेली, तुम्ही स्वतः राहिलेली जागा कोणती? आणि तिथून वाळूपर्यंत किती पायऱ्या उतराव्या लागतात?