मदत हवी आहे : खनिजांच्या कपाटात पांढरी पूड, सोमवारी समिती

कपाट_माझ्या_गळ्यात
विभागाच्या संग्रहालयातल्या एका कपाटात पांढरी-पिवळसर पूड पडली आहे. चिठ्ठ्या तपकिरी पडल्यात, हात लावला की तुकडे होतात. सोमवारी समिती येतेय. नमुने पाण्याने धुऊ का? कृपया लवकर सांगा.

कातळप्रेमी
कोणते नमुने? कपाट लाकडी की लोखंडी? फोटो टाका.

कपाट_माझ्या_गळ्यात
कपाट साधंच आहे. नमुने नेहमीचेच, प्रॅक्टिकलला लागतात ते.

कातळप्रेमी
नेहमीचे म्हणजे कोणते, तेच विचारतोय.

खाणीतला_भटक्या
पांढरी पूड म्हणजे झिओलाइट, आत पाणी धरून ठेवणारं खनिज, डोळे मिटून सांगतो. त्यातलं लॉमोंटाइट असणार. खाणीतून काढताना छान दिसतं, कोरड्या हवेत आतलं पाणी सोडतं आणि भुगा होतो. बंद डब्यात शेजारी ओला कापूस ठेवा.

निवृत्त_संग्रहपाल
थांबा, ओलावा अजिबात देऊ नका! कागद जळल्यासारखा होतोय म्हणजे तिथे आम्ल आहे. झिओलाइट पाणी सोडतं, आम्ल नाही. बाई, त्या ट्रेमध्ये पायराइट आहे का? गंधकासारखा वास येतो?

कपाट_माझ्या_गळ्यात
वास येतोच, म्हणून तर पावसाळाभर खिडकी उघडी ठेवली. पायराइट आहे, बिहारमधल्या अमझोरचं. शेजारी कॅल्साइट, स्टिल्बाइट, अ‍ॅस्बेस्टॉस. वर्गवारीने लावलेलं नाही, जागेप्रमाणे लावलंय.

निवृत्त_संग्रहपाल
मग झालं. पायराइट म्हणजे लोह आणि गंधक. दमट हवेत त्यातून लोहाचं सल्फेट आणि गंधकाम्ल तयार होतं. आर्द्रता 60 टक्क्यांच्या वर गेली की वेग वाढतो, आणि तुम्ही खिडकी उघडी ठेवलीत. ते आम्ल शेजारच्या कॅल्साइटवर गेलं की जिप्सम होतं, म्हणजे थोडी पूड त्याचीही असेल.

आधी चिठ्ठ्यांचे फोटो काढा, मजकूर नोंदवहीत उतरवा. कुठला दगड कुठून आला हेच गेलं तर तो फक्त दगड राहतो. मग पायराइट वेगळं काढा, हातमोजे-मास्क लावून कोरड्या ब्रशने झाडा, झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात सिलिका जेलसोबत (ओलावा शोषणारे दाणे) ठेवा. आर्द्रता 40 च्या खाली. पाणी नको. अ‍ॅस्बेस्टॉसला ब्रश लावायचा नाही, ते तसंच पारदर्शक पिशवीत बंद करून ठेवा.

खाणीतला_भटक्या
पण सिलिका जेलजवळ लॉमोंटाइट असेल तर त्याचा भुगा होणारच. म्हणजे मी चुकीचं बोललो नव्हतो.

निवृत्त_संग्रहपाल
लॉमोंटाइट आहे असं त्या म्हणाल्याच नाहीत. असेल तर वेगळ्या डब्यात, जेलशिवाय.

घरचा_वैद्य
एवढं कशाला? तांब्याची भांडी आपण चिंचेने घासतो ना? हलकं व्हिनेगर लावा, चकाचक.

कातळप्रेमी
कॅल्साइटवर व्हिनेगर? फेस येईल आणि पृष्ठभाग खाल्ला जाईल. वैद्यबुवा, तुम्ही भांडीच घासा.

मावळचा_पोरगा
विषय निघालाच आहे तर, आजोबांकडे वाघोलीच्या खाणीतला गडद निळा दगड आहे. किती मिळतील?

खाणीतला_भटक्या
कॅव्हन्साइट असेल! हे खनिज पहिल्यांदा ओरेगनमध्ये सापडलं, पण संग्राहक धावतात ते वाघोलीच्या नमुन्यांमागे. धुऊ नका, कापसात ठेवा. सिन्नरचं गारगोटी संग्रहालय एकदा बघून या, मग किंमत विचारा.

कातळप्रेमी
वेगळा धागा काढा ना!

एक्सेलवीर
खरा इलाज डिजिटायझेशन. प्रत्येक ट्रेला क्यूआर कोड चिकटवा, पूड आपोआप कळेल.

निवृत्त_संग्रहपाल
क्यूआर कोडही कागदाचाच ना? आम्ल तोही खाईल. क्रमांक नमुन्यावरच टाका: न दिसणाऱ्या बाजूला पॅरालॉइड बी-72 चा (संग्रहालयात वापरतात ती पारदर्शक राळ) पातळ थर, त्यावर काळ्या शाईने बारीक आकडा, वर पुन्हा एक थर. चिठ्ठी गेली तरी नोंदवही बोलते. ठिसूळ नमुन्यावर मात्र नाही, तिथे डब्यावर लिहा.

कपाट_माझ्या_गळ्यात
क्रमांक नंतर बघू. सिलिका जेल रविवारी कुठे मिळेल?

निवृत्त_संग्रहपाल
रसायनशास्त्र विभागाच्या डेसिकेटरमध्ये (वस्तू कोरड्या ठेवायचं बंद भांडं) असतंच, मागून घ्या. निळं असेल तर चालेल, गुलाबी असेल तर आधी ओव्हनमध्ये वाळवा.

कपाट_माझ्या_गळ्यात
त्यांच्या सरांचं आणि आमच्या सरांचं बोलणं नाही. दुकान सांगा.

कातळप्रेमी
गाव कुठलं?