ट्रॅव्हलरच्या काचांना घरगुती झाकणं: दीड हजारात जमेल का?

सिडकोची_सून:
नमस्कार. आमच्याकडे जुनी ट्रॅव्हलर आहे. ह्यांनी मागच्या सीट काढून दोन पलंग आणि छोटा ओटा करून घेतला. सुतार आणि वायरिंगमध्येच पैसे संपले, काचा तशाच राहिल्या. सध्या जुन्या साडीचे पडदे स्प्रिंगच्या तारेवर लावलेत.

गेल्या महिन्यात त्र्यंबकला मुक्काम केला. पहाटे सासूबाई कुशावर्तावर स्नान करून ओल्या लुगड्यानं गाडीत आल्या. अंधार होता म्हणून आतला दिवा लावून दिला आणि मी चहा आणायला उतरले. मागे वळून बघते तर पडद्यावर त्यांची सावली! नऊवारीचा पदर घेताना हात वर गेला, तोही दिसला. शेजारी दोन बस उभ्या. धावत जाऊन दिवा बंद केला. त्या काही बोलल्या नाहीत, पण घरी येईपर्यंत गप्प होत्या. आता वणीला जायचंय तर त्या नको म्हणतात. मला त्यांना घेऊनच जायचंय.

घरी शिलाई मशीन आहे. काळी फिल्म लावून टाकू का, की काही शिवता येईल?

अंबडचा_फिटर:
ताई, फिल्म नको. 2012 मध्ये सुप्रीम कोर्टानं काळ्या फिल्मवर बंदी घातली. पुढच्या-मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून 50 टक्के उजेड आरपार गेला पाहिजे, असा नियम आहे. शिवाय रात्री आत दिवा आणि बाहेर अंधार असला की फिल्ममधूनही दिसतंच. दिवसा तीच साडी पुरते, कारण उजेड बाहेर जास्त असतो.

पत्र्याच्या शेडखाली लावतात ते चंदेरी बबल फॉइल घ्या, मीटरवर मिळतं. प्रत्येक काचेवर वर्तमानपत्र दाबून कडा आखा आणि त्यावर नंबर टाका. डावी-उजवी काच सारखी दिसते, पण नसते. चंदेरी बाजू बाहेर ठेवा, दुपारचं ऊनही अडेल.

चुंबक लावणार असाल तर एक बघा. सरकत्या काचेच्या ॲल्युमिनियमच्या चौकटीला चुंबक धरत नाही, चौकटीभोवतीच्या पत्र्याला धरतं. म्हणून चौकटीबाहेर दोन बोटं जास्त कापा. आतून प्लाय मारलं असेल तर स्क्रूची टिचबटणं लावा.

पंचवटी_शिवणकाम:
फॉइलला आतून गडद जाड अस्तर लावाच. नुसतं फॉइल सुईच्या भोकांपाशी फाटतं, म्हणून लांब टाका घ्या आणि कडेला कापडी पट्टी दुमडून शिवा. चुंबक त्याच पट्टीत घाला, दोन्हीकडे टीप मारा, नाहीतर घरंगळून एका कोपऱ्यात जातं.

चिकट वेल्क्रोच्या नादी लागू नका. एप्रिलच्या उन्हात त्याचा डिंक वितळतो, मी दोनदा लावून काढलं.

आणि समोरची मोठी काच शिवत बसू नका. ड्रायव्हरच्या सीटमागे आडवी तार ओढून सोलापुरी चादर सोडा. ती चांगली दाट असते, आणि पुढच्या तिन्ही काचांचा खर्च वाचतो.

घोटीकर:
झाकणं गाडी उभी असतानाच लावा, निघताना काढून पलंगाखाली ठेवा. आमच्याकडे पावसाळ्यात सगळं गच्च बंद करून झोपलो की सकाळी काचांवरून पाणी ओघळतं, झाकणं ओली होऊन कुबट वास येतो. समोरासमोरच्या दोन काचा दोन बोटं उघड्या ठेवा, तिथे मच्छरदाणीची जाळी लावा. आणि ओट्याजवळच्या खिडकीचं झाकण शेगडी पेटवायच्या आधी काढा, फॉइलमधलं प्लॅस्टिक पटकन पेट घेतं.

सिडकोची_सून:
सगळ्यांचे मनापासून आभार. सात झाकणं झाली. अस्तराला ह्यांच्या जुन्या काळ्या फुलपॅंट उसवल्या, त्यामुळे फॉइल, चुंबकं आणि पट्टी मिळून दीड हजाराच्या आतच बसलं. ओट्याकडे प्लाय आहे, तिथे टिचबटणं लावली. पट्ट्या सासूबाईंनी स्वतः दुमडून दिल्या.

काल रात्री सोसायटीच्या पार्किंगमध्ये बघितलं. मी आत दिवा लावून हात वर-खाली करत उभी राहिले आणि त्या बाहेरून गाडीभोवती फिरल्या. मागच्या दाराच्या काचेवर थांबून टकटक केलं, म्हणाल्या, "इथून बोटभर उजेड येतोय." तिथे आज अजून एक चुंबक शिवते. मंगळवारी वणीला निघतोय, त्यांनी लुगडी पिशवीत भरून ठेवलीत.